धाकला

शुक्रवारचा बाजार, कुवेत.
सकाळी आठलाच पारा बेचाळीसवर.
ऋजुताने वहीत प्रश्न लिहून आणलेत.
वय अकरा, पण चौकशी
मुलगी बघायला आलेल्या वरपक्षासारखी:
जन्म पिंजऱ्यातला, की वाळूतून धरलेला?
शेवटचं कधी खाल्लं? आमच्यासमोर खाईल?
कात एकसंध निघाली, की चिंध्या चिंध्या?

अबू फहाद हसतो.
"मिस्कीन," म्हणतो, प्रत्येक पेटीवर टिचकी मारून.
इथे हा शब्द कुणालाही लागतो,
रस्ता झाडणाऱ्याला, भाडं थकलेल्याला,
आता या वेटोळ्यांनाही.

पहिला बर्मी अजगर. आज हातभर.
"याला पुढे न्हाणीघर द्यावं लागेल," ऋजुता म्हणते,
आणि पान उलटते.

दुसरा बॉल पायथन, मुटकुळं करून बसलेला,
देखणा. पण रुसला तर
महिनोन्‌महिने अन्नाला शिवत नाही.
नको.
ताट झाकून वाट बघायचा माझा वाटा
मी केव्हाच बघून संपवलाय.

तिसरा वाळूतला, आपल्या मांडुळाचा इथला भाऊबंद,
डोळे पार टाळूवर, मानेला गोचीड.
"हा कुणी वाढवलेला नाही, हा उचललेला आहे."
वहीत फुली. अबू फहाद गप्प.

चौथा मक्याचा साप.
शेंदरी, पेन्सिलीएवढा जाड,
पोटाला काळे-पांढरे दाणे.
हातावर घेतला तर चावला नाही, पळाला नाही,
गाठ न बसणाऱ्या नाडीसारखा
बोटांतून ओघळत राहिला.

किती वाढेल? चार-साडेचार फूट.
किती जगेल?
पंधरा वर्षं. नीट ठेवला तर वीस.

वीस.
आमचा इकामा वर्षावर्षाचा.
जयवंत अठ्ठावीस दिवस खाफजीच्या समुद्रात, तेलाच्या फलाटावर,
मग थोडे दिवस आमचा, मग पुन्हा समुद्राचा.
माझी आत्या धुणं पिळता पिळता म्हणायची,
साप म्हणू नये धाकला,
नवरा म्हणू नये आपला.
मी अठरा दिनार मोजले. पेटीचे बावीस वेगळे.

बाहेर डांबर वितळतंय,
आणि आमच्या बावीसवर लावलेल्या एसीत
त्याला उबेची पट्टी घ्यावी लागली.
अर्धी पेटी ऊन, अर्धी सावली,
लपायला नारळाची करवंटी.
फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या डब्याला लागून
गोठलेल्या पिल्लू-उंदरांची पिशवी.
नागपंचमीला मी काही चिरलं नाही, तळलं नाही.
एक उंदीर तेवढा कोमट पाण्यात सोडला.

नवव्या दिवशी झाकणाची खिटी राहिली.
माझ्याकडूनच.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर त्याचं नाव घेत नाहीत,
लांबडं म्हणतात, नाहीतर जनावर.
आम्ही दोघी गुडघ्यांवर, मोबाईलच्या उजेडात,
"कणीस, ए कणीस!"
तो हाकेला ओ देत नाही हे तीच सांगते,
आणि तीच हाका मारते.
समुद्रातून जयवंतचा फोन, चेहरा तुटत तुटत:
"एवढासा तर आहे, जाऊन जाऊन जाणार कुठे?"
एवढासा म्हणू नकोस, मी म्हणाले,
जरा मोठ्यानेच.

फ्रीजच्या मागे निघाला,
कॉम्प्रेसरच्या उबेला, धुळीने माखलेला.
मनगटाला दोन वेढे घालून बसला.
ही माया नव्हे, वहीत तसं स्पष्ट लिहिलंय;
गरम जागा शोधतात, इतकंच.
मी हात हलवला नाही.

बऱ्याच वेळाने लक्षात आलं,
ओट्यावर फोन तसाच चालू होता,
छताकडे बघत.